बागेकडून आलेली वाटी

एकदा एका वृद्ध स्थपतींच्या दारात त्यांची तरुण शिष्या धापा टाकत येऊन उभी राहिली. काखेत नकाशांची गुंडाळी होती आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"अण्णा, माझी बाग जाणार!"

अण्णा गॅलरीत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. "बस आधी," ते म्हणाले. "बाग कुठे जाणार? तिला पाय कधी फुटले?"

"थट्टा नको ना, अण्णा! पाडवा झाला की वसाहतीची सभा आहे. सगळे हात वर करणार आणि माझ्या बागेवर फरशी पडणार. मोटारी उभ्या करायला!"

अण्णांनी तारुण्यात पुष्कळ बांधले होते. आता वयोमानाने ते केवळ शिकवीत. त्यांच्या शिष्यगणात ही मुलगी सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत घाबरट. दाराची कडी वाजली तरी दचकायची. कागदावर मात्र तिचा हात असा निःशंक चालायचा की बघणाऱ्याने थक्क व्हावे.

ही बाग म्हणजे तिचे पहिले स्वतंत्र काम. चार उंच इमारतींची एक वसाहत होती आणि त्यांच्या मधोमध, सर्वांच्या सामाईक मालकीचा, एक पडीक तुकडा. तिथे झाडे हवीत असे रहिवाशांना वाटले आणि त्यांनी हौसेने हे काम तिच्यावर सोपवले. तिने त्यात जीव ओतला. कोणालाही कसलाही त्रास होऊ नये हा तिचा संकल्प. म्हणून जमिनीखालून नळ्या टाकल्या. त्यांतून पाणी आपोआप येई. पाचोळा उचलायला बाहेरची माणसे नेमली. भोवती सुबक लोखंडी कुंपण घातले आणि फाटकावर पाटी लावली, 'कृपया झाडांना हात लावू नये.' बाग एवढी देखणी झाली की उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येकाने तिथे उभे राहून फोटो काढून घेतला.

आणि त्यानंतर तिकडे कोणी फिरकले नाही.

वरच्या मजल्यांवरून कधी दुधाची रिकामी पिशवी खाली येई, कधी केसांचा गुंतवळ, कधी निर्माल्याची पुडी. माणसे दुष्ट नव्हती. बाग त्यांच्या ध्यानातच नव्हती, एवढेच. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची कोणी विचारपूस करते का? तसे.

त्याच वसाहतीत एक व्यापारी राहत होता. तळमजल्यावर त्याचे लाकडी सामानाचे मोठे दुकान. गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा मिळत नसे, म्हणून त्याने सुचवले की बाग काढून तिथे फरशी करू. दिवसा माझी गिऱ्हाइके, रात्री तुमच्या गाड्या. त्यात स्वार्थ होता, पण लबाडी नव्हती. तो सरळ म्हणाला होता, "मी दिवसभर दुकानातून समोर बघत असतो. त्या बागेत माळी सोडून मला आजवर माणूस दिसलेला नाही. सांगा, मी खोटं बोलतोय?"

"आणि तो खोटं बोलत नाही, अण्णा," शिष्या म्हणाली. "तेच तर जास्त लागतं."

अण्णांनी शेंगांचे ताट बाजूला सारले. "चल, बघू तरी. पण आधी एकसारख्या चपला घाल. आत काकूंच्या असतील."

बागेत येऊन अण्णा एका दगडावर बराच वेळ बसले. गुलाब पाहिले, हिरवळ पाहिली. एका कडेला, केवळ शोभेसाठी म्हणून, शिष्येने अळू, गवती चहा, पुदिना आणि कढीपत्ता यांचा एक वाफा केला होता, तोही पाहिला. मग विचारले, "ही बाग इथल्या लोकांकडून काय मागते?"

"काहीच नाही!" तिचा चेहरा उजळला. "हीच तर तिची खुबी आहे, अण्णा. कोणाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही."

"असा एक पाहुणा एकदा आमच्याकडे चार दिवस राहून गेला. स्वतःचा डबा, स्वतःचं पाणी, स्वतःची चादर. चहासुद्धा नको म्हणाला. तो गेल्यावर आम्हां नवरा-बायकोला त्याचं नाव आठवेना."

शिष्येला हसावे की रडावे ते कळेना. एवढ्यात अण्णांनी माळ्याला हाक मारून नळ्यांची तोटी बंद करायला सांगितली. मग फाटक बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवायला लावले. शिष्या पुढे धावली.

"अण्णा! ऊन तापायला लागलंय. झाडं मरतील!"

"मरायच्या आधी झाडं मान टाकतात. आणि मान टाकली की दिसतात. आता तू कुंभाराकडे जा आणि जितकी घरं तितक्या मातीच्या वाट्या घेऊन ये."

"वाट्या? कशाला?"

"त्यात इथलंच काहीतरी घाल. अळूची पानं, पुदिना, असेल ते. आणि घरोघर नेऊन दे."

"आणि सांगू काय? सभेचं सांगू? हात वर करू नका म्हणू?"

"अजिबात नाही. म्हणायचं, खालच्या बागेकडून. बस्स."

"मग वाट्या परत आणायला कधी जाऊ?"

अण्णांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने काही अडाणीपणाचे विचारले. "शेजारीण कधी तिची वाटी मागायला आपल्या दारात येते का गं?"

शिष्येला या कृतीचा अर्थ लागेना. सभा तोंडावर आलेली, बागेचे पाणी तोडलेले आणि आपण दारोदार पाने वाटत फिरायचे! पण गुरूंचा शब्द. तिने वाट्या आणल्या, पाने खुडली (आपल्याच पाटीकडे पाठ करून) आणि पहिल्या दाराची घंटा दाबली. घंटेच्या आवाजाने स्वतःच दचकली.

दार जयवंतीबाईंनी उघडले. एकट्या राहणाऱ्या, निवृत्त, आणि जिभेला धार असलेल्या. "काय विकायचंय?"

"विकायचं नाही. हे… खालच्या बागेकडून."

"बागेकडून? म्हणजे कोणाकडून?"

"बागेकडूनच."

जयवंतीबाईंनी वाटीतली अळूची पाने उलटसुलट केली. "कोवळी आहेत. खाजरी नाहीत ना? बघा हं, घसा खवखवला तर मी थेट खाली येईन." आणि दार बंद झाले.

दुसऱ्या इमारतीत पोतनीस काका भेटले. त्यांनी गवती चहाचा वास घेतला आणि डोळे मिचकावले. "अस्सं! सभा जवळ आली की प्रचार सुरू होतोच. मतासाठी लोक काय काय वाटतात, पण गवत वाटणारी तुम्ही पहिल्याच!"

शिष्या कानापर्यंत लाल झाली. पण वाटी काकांच्या हातातच राहिली होती.

शेवटची वाटी व्यापाऱ्याच्या घरची. ती देऊ नये असे तिला फार वाटले. पण 'घरोघर' म्हणजे घरोघर. तिथे व्यापाऱ्याची वृद्ध आई खिडकीशी बसून कापसाच्या वाती वळत होती. कढीपत्ता हातात चुरून तिने हुंगला आणि इतकेच म्हणाली, "आज आमटी करते."

मग वाट पाहणे. ऊन चढत गेले. हिरवळीचा रंग उतरला, अळूच्या पानांनी खरोखरच माना टाकल्या. शिष्येचे जेवणावरून लक्ष उडाले. एका सकाळी ती बादली घेऊन लपतछपत बागेत शिरली, तर दगडावर अण्णा आधीच बसलेले.

"ठेव ती बादली."

"अण्णा, थोडंसंच… एवढ्याएवढ्या वाफ्याला…"

"तू पाणी घातलंस, तर त्यांनी काय घालायचं?"

"त्यांनी म्हणजे कोणी? कोणी येतच नाहीये!"

आणि नेमक्या त्या क्षणी, काढलेल्या फाटकातून, हातात मातीची रिकामी वाटी धरून जयवंतीबाई आत आल्या. इकडेतिकडे पाहत. कोणी आपल्याला बघत तर नाही ना, अशा संकोचाने.

"अहो, ती वाटी राहिली होती," त्या शिष्येला म्हणाल्या. "फतफतं छान झालं. पण ही परत करायची म्हणजे… रिकामी कशी करणार? माणसाला लाडू देता येतो, चिवडा देता येतो. बागेला काय द्यायचं? दोन दिवस डोकं खातेय माझं."

शिष्या काही बोलण्याआधीच त्यांची नजर वाफ्याकडे गेली. "अगं बाई! ही काय अवस्था! यांच्यातलीच पानं ना मी खाल्ली?"

आणि त्या वळल्या. साठी उलटलेल्या जयवंतीबाई अक्षरशः पळत लिफ्टकडे गेल्या. परतल्या तेव्हा वाटी काठोकाठ भरलेली होती आणि दुसऱ्या हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचे पातेले होते. "याने जोम धरतील. माझी आई तुळशीला हेच घालायची."

पातेले घेऊन धावणारी बाई चार इमारतींच्या गॅलऱ्यांतून दिसली नसती तरच नवल! "काय झालं हो? आग लागली का?" वरून कोणीतरी ओरडले. "आग नाही, अळू!" जयवंतीबाई खालून ओरडल्या. आणि त्या उत्तराने जी गंमत झाली ती काय सांगावी! संध्याकाळपर्यंत माणसे खाली उतरू लागली. प्रत्येकाच्या घरात ती मातीची वाटी ओट्यावर, फ्रिजवर, देवाशेजारी, कुठे ना कुठे पडलेली होतीच आणि येता-जाता डोळ्यांना टोचत होती. रिकामी वाटी परत करायची नाही हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. ते आईच्या हाताकडे बघून आपोआप अंगी बाणते. कोणी पाणी आणले, कोणी पाखरांसाठी बाजरी, कोणी भाजीची देठे खताला. पोतनीस काकांनी उकळून गाळलेला गवती चहाचा चोथा आणला, तेव्हा जयवंतीबाई म्हणाल्या, "वा! तिचंच तिला परत? याला म्हणतात काटकसर!"

"मुळाशी घालतोय, बाई. नातवंडाला आजीच्या मांडीवर ठेवतात तसं," काकांनी उत्तर दिले आणि सगळे हसले.

व्यापाऱ्याची आई सर्वांत शेवटी आली, लिफ्टने, भिंतीला धरत. "मला वाकून पाणी घालता येत नाही. हाताशी होतं ते आणलं," असे म्हणून तिने वाटी जास्वंदीखालच्या दगडावर ठेवली. वाटीत पिंजलेला कापूस होता. एक-दोघे गालात हसले. बागेला कापूस!

दुसऱ्या सकाळी मात्र पोतनीस काका बोट ओठांवर धरून, चवड्यांवर चालत, एकेकाला खाली बोलावू लागले. "या, या! आवाज नको! बघा तर खरं!"

जास्वंदीवर अंगठ्याएवढे एक हिरवट पाखरू बसले होते. शेपटी ताठ उभारलेली. ते सुर्रकन वाटीवर उतरले, चोचीत कापसाचा पुंजका धरला आणि पानाआड गेले. तिथे दोन मोठी पाने कडेला कडा जुळवून चक्क शिवलेली होती! चोचीने भोके पाडून, त्यांतून धागा ओढून, टाके घातलेले. शिंपी पक्षी! सगळ्या वसाहतीने श्वास रोखला. एवढी वर्षे हे पाखरू याच इमारतींमध्ये वावरत असणार आणि त्याच्या चोचीत आपल्या घरचा कापूस असेल हे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. व्यापाऱ्याच्या आईने वर खिडकीत बसून हात जोडले. मग हात सोडून पुन्हा कापूस पिंजायला घेतला.

त्याच दुपारी व्यापारी जमीन मोजायला टेप घेऊन बागेत आला. त्याने पाऊल टाकताच चारही बाजूंनी दबल्या आवाजात एकच गिल्ला झाला, "शूऽऽ! तिथे नको!" आणि वरून त्याची आई, "अरे, हळू! ती शिवतेय!"

तो गांगरला. आणि कोण शिवतेय हे न कळताच, टेप गुंडाळून, तोही चवड्यांवर चालत बाहेर पडला.

सभेचा दिवस आला. शिष्या कोपऱ्यात, ओढणीचे टोक मुठीत आवळून बसली. अण्णा शेजारी शांत. व्यापाऱ्याने प्रस्ताव वाचला, "तर ज्यांना मान्य असेल त्यांनी…"

"थांबा जरा," जयवंतीबाई उठल्या. "मे महिन्यात मी लेकीकडे जाते. माझ्या अळूला पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा."

माझ्या अळूला! शिष्येने अण्णांचा हात घट्ट धरला.

"मी घालेन," पोतनीस काका म्हणाले, "पण मग माझ्या जास्वंदीचं निर्माल्य करायचं नाही. कळ्या खुडलेल्या मला चालत नाहीत."

"तुमची कधी झाली जास्वंद?" "आणि वरून दुधाच्या पिशव्या टाकतं कोण, ते पण निघू दे आज!" "आमच्याकडे बघू नका, आम्ही बाजरी घालतो रोज!"

असा कल्लोळ उसळला की व्यापाऱ्याचा कागद हातातच राहिला. "अहो, पण जागेचं…" तो पुन्हा म्हणाला.

"बाळ," त्याची आई म्हणाली, "पिल्लं उडेपर्यंत फरशीचं नाव काढू नकोस."

"आणि उडाल्यावर, आई?"

"उडाल्यावर ती परत शिवेल. मी कापूस काढून ठेवलाय."

व्यापाऱ्याने कागदाची घडी केली. "मी तुमच्याकडे एक रिकामी जागा मागितली होती," तो म्हणाला. "ती आता रिकामी राहिलेली नाही. माझं म्हणणं मी मागे घेतो. पण गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे, हे कोणी सांगेल का मला?"

"माझी गाडी महिनोन्‌महिने हलत नाही," पोतनीस काका म्हणाले. "ती भाच्याकडे ठेवतो. माझी जागा घ्या." मग आणखी दोघे-तिघे तसेच म्हणाले. हात वर करण्याची वेळ आलीच नाही.

परतताना शिष्येचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "अण्णा, तुम्ही काय केलंत! मी एवढं सगळं बांधलं तेव्हा कोणी आलं नाही आणि तुम्ही तर नुसतं काढून घेतलंत! पाणी काढलंत, फाटक काढलंत…"

अण्णा चालता चालता थांबले.

"तू बाग परिपूर्ण केलीस, पोरी. परिपूर्ण वस्तूला माणूस नमस्कार करतो आणि निघून जातो. नातं जडतं ते देण्याघेण्याने, आणि देण्याला आधी उणेपणा लागतो. तुझ्या बागेत कोणाच्या हातासाठी जागाच ठेवली नव्हतीस. शहरातल्या माणसाला झाडं आवडत नाहीत असं नाही गं. झाडांना आपला काही उपयोग आहे, हेच त्याला कोणी कधी सांगितलेलं नसतं. मी फक्त बागेच्या वतीने एक वाटी पाठवली. पुढचं त्यांच्या घरच्या वळणाने केलं."

"मग रचनाकाराने काहीच करायचं नाही?"

"करायचं की! पाणी किती कमी ठेवायचं, वाट कुठून उघडी ठेवायची, काय मागायचं आणि मागताना माणसाला ओझं कसं वाटू द्यायचं नाही… हे सगळं आखायला भिंती आखण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. अळू मेलं असतं तर तो दोष माझा होता. मीही रोज सकाळी उगीच दगडावर येऊन बसत नव्हतो."

शिष्येने त्यांच्याकडे चमकून पाहिले. अण्णाही घाबरले होते, हे तिला तेव्हा प्रथमच कळले.

पुढे तिने त्या बागेचे कुंपण काढून तिथे बसण्याजोगा बुटका कट्टा बांधला. नळ्या ठेवल्या, पण तोटी रहिवाशांच्या स्वाधीन केली. अगदीच कोरड पडली तर असू द्यावी म्हणून. मग ती दुसऱ्या कामांत गुंतली. श्रावणातल्या एका दुपारी, सहज त्या बाजूला गेली असता, तिला राहवले नाही. बागेत शिरून ती पुदिन्याच्या वाफ्याकडे वाकली आणि एक पान खुडायला तिने हात पुढे केला.

"ओ बाई!"

ती केवढ्याने तरी दचकली. कट्ट्यावर एक अनोळखी बाई उभी होती. नुकतीच राहायला आलेली असावी. कमरेवर हात, डोळ्यांत जरब. "काल छाटलाय तो. चार दिवस हात लावायचा नाही. तुम्ही इथल्या दिसत नाही."

"नाही," शिष्या म्हणाली. "मी इथली नाही."

"मग या बाजूने जा. तिकडे गांडुळखताचा खड्डा आहे, पाय जाईल." आणि थोडा आवाज उतरवून, "हवा असेल तर पलीकडचा घ्या दोन काड्या. तो वाढलाय."

दोन काड्या मुठीत धरून शिष्या जी सुटली ती थेट अण्णांच्या दारात. "अण्णा! अण्णा, मला बागेतून हाकललं! ओळखलंसुद्धा नाही मला!"

अण्णांनी तिच्या हातातला पुदिना घेतला, हुंगला आणि चहाचे आधण ठेवायला उठले.

"मग झाली तुझी बाग," ते म्हणाले.